माळकऱ्याच्या घरची हाड चघळणारी गाय

माझ्या कपड्यांना बारा महिने एक आंबटसर, धुळकट वास असतो. बायको म्हणते, "पोरगी पाहाले येतेत तसं नवऱ्याचा वास घ्याची पद्धत असती, तर मी आज नागपुरात असती." तो वास सुपर फॉस्फेटचा. धानाच्या रोवणीआधी बांधीतल्या, म्हणजे खाचरातल्या, चिखलात जे राखाडी, दाणेदार खत टाकतात, ते. दिघोरीच्या बाजूला आमचं गाव आहे आणि गावात माझं कृषी केंद्र. केंद्र म्हटलं की लोकांना काहीतरी मोठं वाटतं. प्रत्यक्षात ती बारा फुटी खोली आहे, तीत पोत्यांनी जागा घेतलीय आणि उरलेल्या फटीत मी बसतो.

धंद्यामुळे मला आयुष्यात एकच विषय नीट आला, तो म्हणजे फॉस्फेट. कॅल्शियम आणि फॉस्फरस यांची जोडी. जमिनीतून दगड काढतात, त्यात ही जोडी असते, पण ती इतकी घट्ट बसलेली असते की पाण्यात टाकली तर हलत नाही. पीक काही दगड चावू शकत नाही. म्हणून तो दगड दळून त्यावर तेजाब ओततात, मग त्याचं सुपर होतं आणि धानाच्या मुळाला ते पिता येतं. तोच दगड दुसऱ्या रीतीनं शुद्ध केला की पांढरी भुकटी मिळते. तिला वास नाही, चव नाही, जिभेवर ठेवली तर बारीक रेतीसारखी कचकचते. पाण्यात ती विरघळत नाही, पण जनावराच्या पोटात आंबटपणा असतो, तिथे विरघळते. तिचं नाव डायकॅल्शियम फॉस्फेट. ती गाई-म्हशींच्या खाण्यात मिसळतात. तुमच्याआमच्या हाडांत, दातांत हीच जोडी थोड्या वेगळ्या बांधणीनं बसलेली आहे. माणूस जळतो आणि हाडं उरतात ती याच्यामुळे. हे सगळं मी गिऱ्हाइकाला सांगतो. गिऱ्हाईक म्हणतं, "ते ठीक हाय, पोतं गाडीवर टाकू लाग."

अशा या फॉस्फेटच्या जाणकाराच्या घरी ती पांढरी भुकटी आणायला बंदी होती. बंदी बाबांची.

बाबांनी माळ घातली तेव्हा मी शाळेत होतो. त्या दिवसापासून घरात मच्छी बंद झाली. तलावांच्या मुलखात राहून मच्छी बंद! मी ती पुढे मित्रांच्या घरी खात आलो आणि घरी येण्याआधी कडुलिंबाची काडी चावत आलो. बाबांना वास कळायचाच. मी खाल्ली नाही म्हणून शपथ घ्यायचो, ते ताट थोडं लांब सरकवून बसायचे. बाबा वाईट माणूस नव्हते, हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं वाचून तुम्हाला तसं वाटेल. कोठ्यातल्या जनावरांशी ते जितकं बोलायचे तितकं आमच्याशी आयुष्यात बोलले नाहीत. माझ्याशी त्यांची सगळ्यात मोठी बातचीत माझ्या लग्नात झाली आणि तीही "जेवलास का" इथवरच.

सुपर मात्र बाबांना चालायचं. मी एकदा म्हटलं, "बाबा, हे बी तेच हाय. फॉस्फेटच."

"ते वावरात जाते," बाबा म्हणाले. "वावर का माळ घालते?"

मी सुपरचं पोतं गाडीवर टाकलं.

बंदीचं कारण जुनं होतं. बाबांच्या तरुणपणी हाडं वेचणारी माणसं गावोगाव फिरायची. गावाबाहेर, तलावाच्या पाळीवर, नाल्यात मेलेल्या ढोरांचे सापळे पडलेले असत. ती हाडं पोत्यात भरून ट्रकनं कुठल्याशा कारखान्यात जायची आणि तिथे त्यांचा चुरा व्हायचा. बाबांनी ते ट्रक डोळ्यांनी पाहिले होते, त्यांचा वास घेतला होता. त्यामुळे जनावराच्या खाण्यातली पांढरी भुकटी म्हणजे हाडाचा चुरा, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. एके काळी ते खरंही होतं. आता ती दगडाची बनते, असं मी सांगायचो. बाबा म्हणायचे, "दगड असा पिठासारखा पांढरा असते का? मले शिकवू नको. मी तुया बाप हाय."

आता वहिनीची गाय.

माझा थोरला भाऊ काविळीनं गेला. मूलबाळ नव्हतं. वहिनी आमच्याकडेच राहिली, जाणार कुठे. आमच्या घरात सगळं 'आपलं' असतं. शेत आपलं, घर आपलं, भांडी आपली. पण नीट पाहिलं तर शेत बाबांच्या नावावर, घर बाबांच्या नावावर, भांड्यांवर माझ्या गेलेल्या आईचं नाव कोरलेलं, आणि मोटारसायकल माझी. वहिनीचं म्हणावं असं तिच्या अंगावरचं लुगडं तेवढं. भाऊ गेल्याच्या पुढच्या वर्षी आंबागडहून तिचा भाऊ छोट्या टेम्पोत एक कालवड घेऊन आला. जर्सीचा अंश असलेली, तांबूस, कपाळावर पांढरा ठिपका. अंगणात उतरवली आणि बाबांना म्हणाला, "मामाजी, या घरात माह्या बहिणीची म्हनून एखादी वस्तू असू द्या."

बाबांना ते लागलं. दोन दिवस ते कोठ्यात गेले नाहीत. तिसऱ्या दिवशी मी पाहिलं तर ते त्या कालवडीच्या मानेखाली खाजवत उभे होते आणि तिला सांगत होते, "तुया मामा लय बोलते, पन तू चांगली हायेस."

कालवडीची गाय झाली. पहिल्या वेतात चांगलं दूध दिलं. दूध कोणाला द्यायचं, किती द्यायचं, चहापुरतं घरात किती ठेवायचं, हे वहिनी ठरवायची. घरात पहिल्यांदा माझी बायको वहिनीकडे काहीतरी मागायला जाऊ लागली. "बाई, आज अर्धा पेला जास्त द्याल का? भाऊ येऊन राहिला माहा." वहिनी जरा वेळ घेऊन "पाहाते" म्हणायची. त्या 'पाहाते'मध्ये तिचं वय दहा वर्षांनी कमी व्हायचं.

दुसऱ्या वेताला गाय गाभण राहिली आणि तिचं वागणं बदललं. आधी दोरी चघळू लागली. मग कोठ्याची भिंत चाटू लागली. मग अंगणात वाळत घातलेल्या माझ्या बनियानचा अर्धा भाग खाल्ला. बायको म्हणाली, "तिले तरी तुमचा वास आवडते." आम्ही हसलो. मग एका दुपारी शेजारची काकू, जी रोज आमच्याकडून दूध न्यायची, ती दारातूनच ओरडत आली.

"वं माय, तुमची गाय बोडीच्या पाळीवर हाड चघळून राहिली नं वं!"

वहिनी धावली, मीही गेलो. बोडी म्हणजे आमच्या शेताच्या वरच्या अंगाचा छोटा तलाव. त्याच्या पाळीवर एका जुन्या सापळ्याची बरगडी तोंडात आडवी धरून आमची गाय डोळे मिटून उभी होती. एखादा म्हातारा पान चघळतो तशी. तोंडातून लाळ गळत होती आणि कडाकडा आवाज येत होता. वहिनीनं ते हाड ओढून काढलं तर गाय तिच्या मागे मागे हाडासाठी आली.

मला ते पाहताक्षणी कळलं. दुकानात लोक येऊन हेच सांगतात आणि मी त्यांना भुकटीची पिशवी देतो. आमच्याकडे ढोरं खातात तणस, म्हणजे धानाचं वाळलेलं काड. तणसानं पोट फुगतं, पण फॉस्फरस त्यात नावापुरता. पूर्वी धान घरी उखळात कांडायचे, कोंडा घरीच राहायचा आणि तो ढोरांना मिळायचा. कोंड्यात फॉस्फरस भरपूर. आता धान गिरणीत भरडतात आणि कोंडा गिरणीवाला ठेवून घेतो, तो तेलाच्या कारखान्याला जातो. पोटात वासरू वाढतंय, त्याची हाडं घडतायत, आणि आईच्या अंगात द्यायला काही उरलेलं नाही. मग ती जिथे सापडेल तिथे शोधते. गाईला रसायनशास्त्र येत नाही, पण हाडात काय आहे ते तिला कळतं.

गावाला वेगळंच कळलं. माळकऱ्याची गाय हाडं खाते. काकूनं दुसऱ्या दिवशी दूध नेलं नाही, उपास आहे म्हणाली. तिसऱ्या दिवशीही उपास होता. अजून दोन घरांना एकाएकी चहा सोडायचा होता. पानठेल्यावर कोणीतरी बाबांना विचारलं, "बुवा, गाईनं माळ कवा उतरवली?" बाबा तिथून घरी आले ते कोठ्यात गेले आणि मळणीच्या वेळी बैलांच्या तोंडाला बांधतात ते दोरीचं मुसकं काढून गाईच्या तोंडाला बांधलं.

"आजपासून गाय बाहेर जानार नाई," ते म्हणाले. "तणस खाताना सोडाचं, खाल्लं की बांधाचं."

"मामाजी, ती उपाशी हाय," वहिनी म्हणाली.

"कोठाभर तणस हाय."

"तणसानं नाई भागत तिचं. भाऊजी सांगतेत ना, ते पावडर..."

"ते पावडर या घरात येनार नाई. बाहेर चोरून खाते ते एक झालं. मी आपल्या हातानं गाईले हाड खाऊ घालू?"

ही त्यांची अडचण होती, आणि त्यांच्या बाजूनं पाहिलं तर ती खरी होती. गाय आपणहून चुकली तर ती गाईची चूक. आपण चारलं तर ते आपलं पाप. माझ्यापाशी भुकटीचं पोतं होतं, पोत्यावर नाव छापलेलं होतं, पण 'हे दगडाचं आहे' असं कुठेच छापलेलं नव्हतं. मी ते नाव तीनदा मोठ्यानं वाचून दाखवलं. बाबांवर त्याचा परिणाम इतकाच झाला की ते म्हणाले, "इतकं लांब नाव चांगल्या वस्तूचं नसते."

मी पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांना घेऊन आलो. माणूस चांगला आणि अतिशय प्रामाणिक. या प्रामाणिकपणानंच घात केला. त्यांनी बाबांना समजावलं, मुसकं काढा, रोज थोडी भुकटी द्या, गाभण गाईला फार गरज आहे, नाहीतर वेतानंतर त्रास होईल. बाबांनी सगळं नीट ऐकलं आणि विचारलं, "साहेब, यात हाड नाई याची हमी घेता का? तुम्ही बनताना पाहिलं हाय का?"

"कारखान्यात तर मी गेलो नाही बाबा," डॉक्टर म्हणाले, "पण दगडापासूनच बनवतात."

"म्हंजे पाहिलं नाई," बाबा म्हणाले आणि चहा मांडायला सांगितला.

डॉक्टरांच्या जागी मी असतो तर बेधडक शपथ घेतली असती. पण माझ्या शपथेला घरात किंमत नव्हती. मच्छीच्या बाबतीत मी इतक्या घेतल्या होत्या.

जाताना डॉक्टर वहिनीला म्हणाले, निदान कोंडा तरी द्या. कोंड्याला बाबांची हरकत नव्हती. वहिनी दुसऱ्या दिवशी डोक्यावर टोपली घेऊन गिरणीत गेली. गिरणीवाला म्हणाला, कोंडा तेलवाल्यांना आधीच बोलून दिलेला असतो, गाडी येऊन घेऊन जाते. वहिनी तिथेच बसून राहिली. संध्याकाळपर्यंत त्यानं वैतागून एक टोपली दिली. पुढे ती अधूनमधून जाऊन बसायची. कधी मिळायचा, कधी झाडलोट करून यंत्राखालचा खडेमिश्रित कोंडा ती गोळा करून आणायची आणि अंगणात बसून खडे वेचायची. मग कोंड्याची गाडी आठवड्यातून दोनदा येऊ लागली आणि गिरणीवाल्यानं सरळ नाही म्हटलं.

तेव्हा मी तस्करी सुरू केली. दुकानातून भुकटी शर्टाच्या खिशात आणायची, वहिनी कणकेच्या गोळ्यात गूळ घालून त्यात ती मिसळायची, आणि बाबा पूजेला बसले की आम्ही कोठ्यात. मध्यमवयीन माणूस, पोट सुटलेलं, खिशात पांढरी पुडी, दबक्या पावलानं स्वतःच्याच कोठ्यात शिरतो आहे. पोलिसांनी पाहिलं असतं तर वेगळाच गुन्हा लागला असता. पण गाईची दोरी चघळणं कमी झालं. वहिनी म्हणाली, "भाऊजी, डोये पाहा तिचे. चमकून राहिले." मलाही वाटलं, जमतंय.

मग एके सकाळी बाबांची पूजा लवकर आटोपली. देवानं त्या दिवशी त्यांना लवकर सोडलं. ते कोठ्यात आले तर गाईच्या ओल्या नाकावर पांढरं लागलेलं.

"हे कायचं?"

"कणकेचं," मी म्हणालो.

बाबांनी बोटानं ते पुसलं आणि जिभेवर ठेवलं. मी आधी सांगितलं ना, त्या भुकटीला चव नसते, फक्त कचकच असते. बाबांनी आयुष्यभर कणीक खाल्ली होती.

"कणीक गोड लागते," ते म्हणाले. "हे दातात येऊन राहिलं."

त्यांनी बाहेर जाऊन चूळ भरली. परत भरली. मग आंघोळ केली आणि त्या दिवशी जेवले नाहीत. त्यांच्या लेखी मी त्यांना हाड चाखायला लावलं होतं. रागावले असते तर बरं झालं असतं. संध्याकाळी त्यांनी आपली खाट उचलून कोठ्यात नेली. त्यानंतर गाईच्या दावणीपाशी बाबाच बसत, बाबाच तणस घालत, बाबाच मुसकं काढत आणि बांधत. गाईलाही त्यांची इतकी सवय होती की ती मुसक्यासाठी स्वतः मान खाली करायची.

त्या दिवसांत एकदाच वहिनी मोठ्यानं बोलली. बाबा मुसकं बांधत होते, ती शेणाची टोपली घेऊन उभी होती.

"मामाजी, तुमच्या लेकाचे हाडं तुम्ही आपल्या हातानं वेचले. राखेतून. एकेक करून. तवा तुम्ही बाटले नाई."

मी ओसरीवर होतो. राख सावडायला आम्ही गेलो होतो तेव्हा बाबांनी कोणाला हात लावू दिला नव्हता. ते खाली बसून कितीतरी वेळ वेचत होते. आणि ती हाडं नदीत सोडताना धोतर कमरेपर्यंत भिजलं तरी मागे सरले नव्हते.

बाबांचे हात मुसक्याच्या गाठीवर थांबले. मग त्यांनी गाठ पूर्ण केली.

"ते माह्या लेकाचे होते," ते म्हणाले.

"आन् ही माही गाय हाय."

"तुही हाय म्हनूनच सांभाळून राहिलो, बाई."

वहिनी टोपली घेऊन उकिरड्याकडे गेली.

गाय व्याली. गोऱ्हा झाला, तांबूस, आईसारखाच ठिपका. दूध इतकं आलं की दोन भांडी लागू लागली. बाबा खूश. गूळ, मेथी, अळशी, सगळं त्यांनी स्वतः रांधून गाईला घातलं. जाणाऱ्या-येणाऱ्याला ओसरीवर बोलावून चीक खाऊ घातला. काकूचा उपास सुटला, तीही भांडं घेऊन आली. "तणसावरच हाय बरं," बाबा तिला म्हणाले, "पावडर नाई का काई नाई." माझ्याकडे पाहून म्हणाले.

दूध म्हणजे अंगातला फॉस्फरस धारेधारेनं बाहेर जाणं, हे मला ठाऊक होतं. वहिनीलाही ठाऊक होतं. ती दूध काढताना पूर्ण काढायची नाही, वासरासाठी म्हणून कासेत ठेवायची. बाबा म्हणायचे, "पुरं काढ, बाई, कास दुखते तिची."

दोन-तीन आठवड्यांनी गाय लाल मुतली. आधी काळ्या चहासारखं, मग गडद लाल. बाबांना वाटलं, अळशीची गरमी झाली. मग वाटलं, एवढं दूध पाहून कोणाची नजर लागली. मीठ-मिरची उतरवली. मी तोवर डॉक्टरांना आणायला गेलो होतो, ते दुसऱ्या गावी होते, घेऊन येईपर्यंत ऊन उतरलं. रक्तातला फॉस्फरस संपला की रक्ताच्या पेशी फुटतात आणि लघवीतून जातात. डॉक्टरांनी शिरेतून फॉस्फेटचं औषध दिलं. बाबा सलाईनची बाटली हातात धरून उभे होते. तेव्हा त्यांनी विचारलं नाही की बाटलीत कशाचं काय आहे. मीही सांगितलं नाही. डॉक्टरांनी गाईच्या डोळ्याची पापणी खाली ओढून पाहिली. आतली कातडी कागदासारखी पांढरी होती. "रक्तच उरलं नाही हो," ते मला हळूच म्हणाले.

ती सकाळी गेली. वहिनी तिच्या डोक्यापाशी बसलेली होती. तिनं मुसकं खुंटीवरून काढलं, चुलीत घातलं आणि चहाचं आधण ठेवलं. रडलो ते आम्ही बाकीचे. बाबा तर असे रडले की काकूला वाटलं, घरातलं माणूस गेलं.

आंबागडहून वहिनीचा भाऊ आला. त्यानं कोणाला काही विचारलं नाही. गोऱ्ह्याला टेम्पोत चढवलं आणि बहिणीला म्हणाला, "तू बी चाल." ती म्हणाली, "मी तिथं कायची? भावजयच्या राज्यात?" तो गेला. तिच्या माहेरून आलेलं होतं ते असं माहेरी परत गेलं, आणि ती राहिली.

गाईला आम्ही वरच्या बांधीत पुरलं होतं, मीठ टाकून. पुढच्या पावसाळ्यात त्या बांधीत एका कोपऱ्यात धान असं आलं की पाहत राहावं. काळपट हिरवं, कमरेइतकं, बाकी बांधीपेक्षा हातभर वर. खरं तर हाड एका हंगामात विरघळत नाही. तो हिरवेपणा मांसाचा होता. हाडाची पाळी नंतर येते, ते कित्येक वर्षं हळूहळू सुटत राहतं. पण बाबांना मी हे काय सांगणार. ते पाळीवर उभे राहून म्हणाले, "पाहा, जाताना बी देऊन गेली."

वहिनी निंदणाला आलेली होती. कंबर सरळ करून म्हणाली, "मामाजी, हे हाडाचं धान खासान का?"

बाबा घरी निघून गेले. कापणी झाल्यावर त्या बांधीचं धान वेगळं ठेवलं गेलं आणि सगळं खरेदी केंद्रावर घातलं. कुठल्याशा गावात, कुठल्याशा माळकऱ्याच्या ताटात ते गेलं असेलच.

त्या हिवाळ्यात वहिनीनं गावातल्या शाळेत पोरांची खिचडी शिजवायचं काम धरलं. बाबा म्हणाले, "आपल्या घरच्या बाईनं?" ती म्हणाली, "हो." एवढंच. सकाळी दूध काढायच्या वेळेला ती आता केस विंचरून तयार होते.

आणि गेल्या साली बाबा पडले. अंगणात, साध्या ओल्या जागेवर पाय सरकला आणि मांडीचं हाड खुब्यापाशी मोडलं. भंडाऱ्याला नेलं, प्लेट बसवली. डॉक्टर म्हणाले, हाडं ठिसूळ झालीत, वयच आहे. औषधांत एक दाट पांढरं सिरप दिलं, रोज सकाळी दोन चमचे. पाय टेकायचा नाही, उठायचं नाही, आणि सिरप चुकवायचं नाही.

मी धंद्याच्या सवयीनं बाटलीवरचं बारीक अक्षर वाचलं. ट्रायकॅल्शियम फॉस्फेट. तीच सोयरीक, फक्त एक कॅल्शियम जास्त. मी बाटली घेऊन स्वयंपाकघरात गेलो. वहिनी डबा भरत होती.

"वहिनी, यात काय हाय माहीत हाय का?"

"मले वाचता येते, भाऊजी," ती म्हणाली आणि डब्याचं झाकण दाबून बसवलं.

बाबांना सिरप तीच देते. माझ्या बायकोनं दिलं तर ते तोंड फिरवतात, कडू आहे म्हणतात. ते कडू नाही. त्याला कंपनीनं केळाचा वास घातलाय. शाळेत जायच्या आधी वहिनी येते, बाटली जोरात हलवते, कारण भुकटी तळाशी बसते, ती विरघळत नाही. बाबा विचारत नाहीत ते कशाचं आहे. माझी खात्री आहे, त्यांना ठाऊक आहे. दाताखाली येतच असेल.

परवा मी ओसरीवर दाढी करत होतो. आतून बाबांचा आवाज आला. आजकाल त्यांचा आवाज बारीक झालाय.

"बाई, तुया भावाले फोन कर. एक कालवड आनाले सांग. चांगली पाहून."

वहिनी बाटली हलवत होती, तो आवाज थांबला.

"तिले तुले जे खाऊ घालाचं ते घाल," बाबा म्हणाले. "मी कोठ्यात येनार नाई. तसा बी कुठं येऊ शकतो आता."

आतून चमचा पेल्याला लागल्याचा आवाज आला.

"कालवड कायले, मामाजी?" वहिनी म्हणाली. "मले सकायी वेळ नसते आता. शाळेतले पोरं वाट पाहातेत. तोंड उघडा."